भांडी घासायचा स्पंज

साहेबांना शहराच्या नव्या आराखड्याचं मॉडेल हवं होतं. मी थर्माकोलची घरं लावली, पाणथळीच्या जागी बायकोचा भांडी घासायचा स्पंज हिरवा रंगवून ठेवला. पाणथळीखाली, उताराला माझ्या ताईची गल्ली. गल्ली टेबलाच्या कडेला संपत होती, तिथेच मी मुद्दाम साहेबांची खुर्ची मांडली. सही करायला बसताच साहेब म्हणाले, “हे हिरवं काढा. पडीक जागा आहे, तिथे इमारती येतायत.” “काढतो की! आधी पाऊस बघा,” म्हणत मी ग्लासभर पाणी ओतलं. स्पंज ते गटागटा प्यायला. ताईची गल्ली कोरडीठाक. मग स्पंज उचलून इमारती ठेवल्या आणि दुसरा ग्लास ओतला. पाणी गल्लीतून थेट साहेबांच्या मांडीवर! “अहो, वेड लागलंय का?” “सॉरी साहेब. तुमची पँट वाळेल, ताईचा संसार नाही वाळायचा.” इमारती उचलून साहेबांनी स्पंज पिळला आणि स्वतःच्या हाताने परत बसवला.