मूठभर कोंडा
बारशाला पाळण्याऐवजी सासूने कोंड्याचं सूप मांडलं, तेव्हाच हौसाचं डोकं फिरलं. जयवंत, यशवंत अशा यशाच्या नावांचे तिचे दोन मुलगे देवीच्या साथीत गेले होते. म्हणून हा तिसरा शेजारणीच्या ओटीत टाकायचा, मूठभर कोंडा देऊन परत घ्यायचा आणि नाव ठेवायचं कोंडू. देवरुखच्या वाडीत धोंडू, दगडू, केरू होतेच. अर्थ सगळ्यांचा एकच, टाकाऊ. "सोन्यासारख्या पोराला कोंडा म्हनू?" ती कडाडली. "अगो, खोटंखोटं म्हनायचं," सासू म्हणाली. "यमाला वाटाया पायजे, ह्यो कुनालाच नको." लग्नात नाव बदलेपर्यंत हौसा नकुशी होती. चौथी मुलगी म्हणून आईने ठेवलेलं ते खोटंखोटं नव्हतं. "नकुशी व्हतीस म्हनूनच जगलीस!" सासूने ऐकवलं. हौसाने कोंडा शेजारणीच्या पदरात आपटला, तिच्या ओटीतून पोराला उचललं आणि त्याच्या कानात सांगितलं, "कोंडू. पन खोटंखोटं हां, बाळा."