तळ्याकाठचा सेल्फी

ऑस्ट्रियातल्या त्या निळ्याशार तळ्याकाठी आईने बाकावर चांगली मांडी ठोकली. साडीवर स्वानंदचं जुनं जॅकेट, पायात सुनेचे ट्रेनर्स. तिने डबा उघडला मात्र, लसणाच्या चटणीचा वास पार बोटीच्या रांगेपर्यंत गेला.

नेमकी त्याच रांगेतून स्वानंदला हाक आली. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधले त्याचे साहेब बायकोबरोबर सुट्टीवर आले होते. आईकडे बघत त्यांनी हसून इंग्रजीत विचारलं, "त्या बाई तुझ्याबरोबर आहेत का?"

"नो, नो! सम टूर ग्रुप, आय थिंक," स्वानंद बोलून गेला. आई हाकेच्या अंतरावर होती, पण तिला कुठे इंग्रजी कळतंय!

साहेबांची बोट सुटली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो जाऊन आईला खेटून बसला, तिच्या हातची दशमी खाल्ली, आग्रहाने दोघांचा सेल्फी काढला. आईही छान हसली. चला, मिटलं, असं त्याने स्वतःला समजावलं.

साउथहॅम्प्टनला परतल्यावर त्याची लेक ईरा आजीला चिकटून फोटो बघत बसली. स्वानंद तिथेच किचनमध्ये चहा गाळत होता.

"आजी, हा सेल्फी किती क्यूट आलाय! बाबाच्या फेसबुकवर टाकू?"



"तो नको गं," आई हळूच म्हणाली, "बाबाचे साहेब बघतील. त्यांना मी टूर ग्रुपमधली म्हणून माहीत आहे."