ऑरेनचा दम

वर्न लिंडक्विस्टने कॉम्प्युटरवरच्या बेसबॉलच्या खेळात गंमत म्हणून आपल्या थोरल्या भावाला, ऑरेनला, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, केलं होतं. सत्तरी उलटलेला ऑरेन दूर टेक्सासात राहायचा. त्याला याचा पत्ताही नव्हता.

रविवारी दुपारी शेवटचा डाव चांगलाच रंगला. चेंडूगणिक पडद्यावर ऑरेनच्या दमाचा आकडा उतरत होता. नऊ टक्के. मग सहा.

"अरे, बदल की त्याला!" बायको मार्लीन मागून म्हणाली. "खांदा निखळेल बिचाऱ्याचा."

"लहानपणी मला एकदाही जिंकू दिलं नाही लेकाच्याने," वर्न हसला. "आता टाकू दे की!"

आकडा शून्यावर आला. वर्नने पुन्हा चेंडू टाकायचं बटण दाबलं, तसा तो शून्याच्याही खाली घसरला. या खेळात असं कधी होत नसे.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून धापा ऐकू आल्या.

"वर्न," ऑरेन कसाबसा बोलला, "बाहेर काढ रे मला. हात वर जात नाही आता."

वर्न ताडकन उठला. बटणावरचं बोट त्याने केव्हाच काढलं होतं.

पडद्यावर ऑरेनने पुढच्या चेंडूसाठी हात उचलला.