भरलेली बंदूक

अमिषाचे वडील, अण्णा, त्या सकाळीही दिवेआगरच्या घरी ओटीवर ठासणीची जुनी बंदूक पुसत बसले होते. डॉक्टरांनी विडी बंद केल्यापासून बंदुकीची ही निगा रोजची झाली होती. आत येताच, कोणी काही विचारलं नसताना म्हणाले, "बंदुकीच्या दारूचा वास आहे गो. नळीत मुरलाय." तिने पुस्तकातून मान वर न करता "हं" केलं. दुसऱ्या दिवशी अण्णा गेले.

महिन्याभराने एक जाणकार बंदूक पारखायला आले. तिच्यावर ना कारागिराची खूण, ना साल. शेवटी त्यांनी नळीत गज सोडला. तो तळापासून वीतभर वरच अडला.

"ताई, मागे व्हा. भरलेली आहे."

अमिषा जागची हलली नाही.

त्यांनी जपून आकडा घातला आणि आतलं ओढून काढलं. प्लास्टिकच्या सुरळीत गुंडाळलेल्या विड्या निघाल्या.

"बंदुकीचा काळ सांगणं कठीण आहे," जाणकार म्हणाले. "ह्या मात्र अलीकडच्या दिसतात."

अमिषाने विड्या हातात घेतल्या आणि ओटीवरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.



"अण्णा, रोज मोजताना एक-दोन कमी भरायच्या ना, त्या मीच काढायचे."