काढून टाकलेला भाग

या कामात ओडेरोला मिळणार होता तो फक्त एका आईचा आशीर्वाद, आणि हिशेबात तो त्याला कमी वाटत नव्हता.

किसुमू शहराच्या बाजारपेठेत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून त्याने एक कोड लायब्ररी लिहिली होती. टीव्ही वाहिन्यांच्या संकेतस्थळांवरचे व्हिडिओ तिच्या मदतीने थेट उतरवता येत. कोणीही उचलावी, आपल्या प्रोग्राममध्ये वापरावी. फुकट.

"फुकट्यांचा राजा!" शेजारच्या टेबलावरून नेकेसा म्हणाली. "बघ, दारात प्रजा आली."

दारात एक बाई उभी होती. डोक्याला रुमाल, मुठीत घट्ट धरलेला मोबाईल.

"लेकरा, माझा मुलगा घर सोडून गेलाय. मासळीच्या भावावरच्या कार्यक्रमात तो बोलताना दिसला म्हणतात. बघायला गेले, तर तो भागच काढून टाकलाय."

"बसा मावशी. काढला म्हणजे गेला असं नाही. हे वाहिनीवाले आळशी, पानावरची लिंक तेवढी पुसतात, व्हिडिओ आत तसाच पडून असतो. माझी लायब्ररी बरोबर तिथे जाते."

"पण काढला का असेल?" नेकेसाने विचारलं.

"गरिबाचं तोंड किती दिवस दाखवणार?" बाई म्हणाली.

व्हिडिओ उतरला. होड्यांपुढे काही तरुण बोलत होते. बाई एकेक चेहरा निरखत राहिली.

"थांबव. कानाची पाळी तुटलेली... हाच."

"चांगला धडधाकट आहे की!" ओडेरोच हरखून गेला. बाईचे डोळे कोरडे होते.

"हे गाव कुठलं रे?"

"मागची पाटी पुसट आहे, मावशी. वाचता येत नाही."

त्याने व्हिडिओ तिच्या मोबाईलवर घालून दिला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती लगबगीने निघाली.

ओडेरोला राहवेना. त्याने चित्र मोठं केलं, उजळ केलं, पुन्हा मोठं केलं. अक्षरं लागली. तो धडाधड जिना उतरला.

रस्त्यापलीकडे, काळ्या काचांच्या गाडीपाशी वाकून बाई कुणाशी तरी बोलत होती.

"मावशी! कालुओचा घाट!" तो आनंदाने ओरडला. "तुमचा मुलगा कालुओच्या घाटावर आहे!"

बाईने मागे वळून पाहिलं नाही. गाडीची काच आणखी खाली आली. आतल्या माणसाने आभार मानल्यासारखी ओडेरोकडे बघून मान हलवली आणि फोन कानाला लावला.

"साक्षीदार सापडला. या बाईचं पोरगं सोडून द्या."