बाळापूरची पाहुणी

भातकुलीत जवान ललितचा सत्कार संपेपर्यंत रूपाली मागच्या खुर्चीवर बसून राहिली. मग ललितच्या मागोमाग त्याच्या घरी आली.

"मी गोपालची बायको. बाळापूरची."

ललित उठून उभा राहिला. वीरचक्र अजून छातीवर होतं. तोफगोळ्यांच्या माऱ्यात जखमी गोपालला पाठीवर घेऊन तो टेकडी उतरला, म्हणून ते मिळालं होतं. गोपाल वाटेतच गेला. मंचावर हे सगळं वाचलं जात असताना ललित दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसा ऐकत होता.

"भाऊ, एकच विचाराले आली," ती म्हणाली. "हे तुमच्या पाठीवर होते. काहीतरी बोलले असतीन ना?"

ललित म्हणाला, "वयनी, मले काईच आठवत नाही. आमच्याजवळ गोळा पडला, तेवढं आठवते. मंग एकदम दवाखाना. माह्या डोक्याले लागलं होतं."

"पन तुमीच तं आनलं त्याईले."

"सारे तेच सांगतात."

रूपालीला काही समजेना. ज्यानं केलं त्यालाच ठाऊक नाही, मग मेडल कशाचं दिलं? खोटं बोलतो म्हणावं, तर तो तिच्यापेक्षा जास्त गोंधळलेला दिसत होता.

ललितचे वडील, देवमन, त्याला दाराआड घेऊन गेले. "सांगून दे ना काही. 'तुमचं नाव घेतलं' म्हन. काय बिघडते? बिचारी एवढ्या दुरून आली."

तो परत येऊन बसला. सांगायला तोंडही उघडलं, पण गोपालचा आवाज कसा होता, तेही आठवेना.

मग रूपालीनंच विचारलं, "लय जड होते का?"

"हो," ललित पटकन म्हणाला. "लय जड."

हे आपल्याला आठवलं की नुसतं तोंडातून निघालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. हात मात्र खांद्यावर गेला होता.

रूपालीनं डोळ्यांना पदर लावला.

"म्हंजे पोटभर जेवत होते," ती म्हणाली. "फोनवर रोज सांगत. मलेच खरं वाटे नाही."