येतो आम्ही

"बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते, काका. त्यांचा आवाज एकदा ऐकायचाय," बँडच्या गायकाची मुलगी म्हणाली.

बँड मोडला तो एकही गाणं रेकॉर्ड न करता. शेवटच्या कार्यक्रमाची कॅसेट होती ती फक्त काकांकडे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत टेप उंच धरून त्यांनीच भरलेली. काकांनी ती मोठ्या अभिमानाने लावली.

गिटार कडाडली आणि बेंबीच्या देठापासून गाणं सुरू झालं. गात होते काकाच. प्रत्येक गाण्यात, गायकाच्या वर आवाज चढवून. इतकी वर्षं ऐकूनही त्यांना ते आज पहिल्यांदा ऐकू आलं.

शेवटी टाळ्या विरल्या. लांबून, थकलेल्या आवाजात गायक म्हणाला, "बराय, येतो आम्ही."

काका मान खाली घालून टेप बंद करायला उठले.

"तेवढंच पुन्हा लावा ना," मुलगी म्हणाली.